बिस्किटांची घरगुती विद्या, लेखांक ६ : तळोज्याच्या हवेतली कुकी

गेल्या आठवड्यात मैदा, कणीक आणि बेसन यांचा हिशेब झाला. आता पाळी तूप-लोण्याची, आणि हा विषय समजून घ्यायला तळोज्यासारखं गाव शोधून सापडणार नाही. १७ नोव्हेंबर २०२३ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. पण सिडकोच्या सेक्टरांत त्याच्या आधीपासूनच नवे संसार मांडले जात होते आणि ओट्याच्या कोपऱ्यात मिक्सरशेजारी छोटा ओटीजी येऊन बसत होता. ओटीजी आला की पहिला हट्ट कुकीचा. कृती मोबाइलवर मिळते, ती बहुधा थंड, कोरड्या मुलखात बेतलेली असते आणि तिच्यात एक बिनधास्त सूचना असते, ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’. तळोज्यात एप्रिलच्या दुपारी खोलीच्या तापमानाला आणलेलं लोणी वाटीत आडवं पडतं. मग ट्रेमध्ये बारा गोळे ठेवावेत आणि एकच मोठी पोळी बाहेर काढावी, अशी गत होते. माझं म्हणणं एवढंच, की या हवेत कुकी शिकायची तर सुरुवात लोण्यापासून करू नये, नानकटाईपासून करावी. अभिमानाचा प्रश्न नाही हा, पाण्याचा आहे.

लोणी म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. बाजारातल्या १०० ग्रॅम बटरमध्ये साधारण ८० ग्रॅम स्निग्धांश आणि १६ ग्रॅमपर्यंत पाणी असतं. तुपात पाणी जवळपास नसतंच. हे एवढंसं पाणी कुकीत तीन उद्योग करतं. मैद्यातल्या प्रथिनांना ते चिवटपणा आणतं, साखर विरघळवून तिचा पाक करतं आणि भट्टीत वाफ होऊन गोळा पसरवतं. नानकटाईत या तिन्ही वाटा आधीच बंद केलेल्या आहेत. मैद्याच्या जोडीला बेसन आणि थोडा रवा असतो, त्यामुळे चिवटपणाला वाव कमी. साखर पिठीच घ्यावी लागते, कारण दाणेदार साखर विरघळायला गोळ्यात पाणीच नाही. कुणी हट्टाने दाणेदार घातलीच तर दाताखाली कचकचून ती आपली चूक सांगते. तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं आणि बिस्किट तोंडात विरतं. अंगठ्याने हलकं दाबलेल्या गोळ्याच्या कडेला भाजताना ज्या बारीक चिरा पडतात, त्या गोळा कोरडा आणि नीट बांधला गेल्याची खूण. विदेशी कुकीत ज्याला दोष म्हणतील ते इथे रूप आहे. सुरतेतल्या डच बेकरीतून हा पदार्थ पारशी हातांत आला आणि तिथून मुंबईला, असं सांगतात. इतिहास काही असो, उष्ण दमट किनाऱ्यावर टिकेल अशीच त्याची घडण आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: तूपही वितळतंच की. दोन्हींत दुधाचाच स्निग्धांश, तो ३५ अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होतो आणि मे महिन्यात ओट्याजवळ तेवढी उष्णता सहज असते. म्हणूनच तर बेकऱ्यांनी वनस्पती तूप जवळ केलं. डालडा १९३७ साली बाजारात आला. अंगाच्या उष्णतेच्या आसपासही तो बराचसा घट्ट राहायचा. घरोघरी मैदा, साखर आणि डालडा डब्यात भरून बेकरीत न्यायचा आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई आणायची, ही रीत त्याच भरवशावर चालली. पण त्या घट्टपणाची किंमत ट्रान्स फॅटमध्ये मोजावी लागत होती. जानेवारी २०२२पासून खाद्यतेलं आणि वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा नियम झाला. घरी मात्र या फंदात पडायचं कारण नाही. थिजलेलं रवाळ तूप पांढरं होईपर्यंत फेसावं आणि वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सारावेत. गोळा वितळायच्या आत कडा धरून ठेवण्याइतकं पीठ शिजलं की काम झालं. लोण्याच्या कृतीतच तूप घालायचं असेल तर १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप घ्यावं. कुकी खुसखुशीत हवी असेल तर पाण्याची भरपाई करूच नये, मऊ हवी असेल तर चमचाभर दूध पुरतं.

दुसरा आक्षेप चवीचा. लोण्यातले दुधाचे घन कण भाजताना तांबूस होतात आणि तो खमंगपणा गाळलेल्या तुपात कुठून येणार? येतो, पण आपण तो पातेल्याच्या तळाशी सोडून देतो. घरी तूप कढवलं की उरणारी बेरी म्हणजे हेच तांबूस झालेले कण. मुलं साखर घालून ती फस्त करतात हे खरं, पण त्यांच्या हाती लागण्याआधी दोन चमचे बाजूला काढून पिठात मळले तर पाश्चात्त्य कृतींत लोणी मुद्दाम तांबूस करून जी चव आणतात तीच इथे आयती मिळते. मला तर ही बेरीची कुकी मूळ कुकीपेक्षा सरस वाटते. पक्षपात आहे, मान्य.

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा, आणि तो खोडता येत नाही. नानकटाई कितीही गुणी असली तरी ती चॉकलेट चिप कुकी नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनच्या रूथ वेकफिल्ड यांनी १९३०च्या दशकात जी कुकी रूढ केली तिची गंमतच कडेला कुरकुरीत, मध्ये चिवट-मऊ अशा दुहेरी पोतात आहे आणि त्यासाठी पाणी, अंडं, ब्राउन शुगर सगळं लागतं. तर ती करावी, फक्त ऋतू पाहून. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असताना कुरकुरीत बिस्किट उघड्यावर सादळतंच, कारण भाजून निघालेल्या बिस्किटात उरलेलं पाणी जेमतेम २ ते ५ टक्के असतं आणि ते हवेतून ओलावा ओढतं. चिवट कुकीला या हवेत सुकून दगड व्हायची भीती नाही. थोडक्यात, नानकटाई उन्हाळी-हिवाळी आणि चिप कुकी पावसाळी.

राहता राहिलं ‘पुडा स्वस्त मिळतो’ हे. मिळतो, आणि कुरकुरीतही असतो. पण त्यातला मोठा वाटा वेष्टनाचा. पार्ले-जी पूर्वी मेणकागदात यायचं ते उगीच नव्हे. घरच्या डब्याला ते कवच नसतं, म्हणून बिस्किटं पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये. गरम भरली तर स्वतःच्याच वाफेने सादळतात. त्यातूनही सादळलीच तर १५० अंशांवर पाचेक मिनिटं परत तापवावीत, पापडासारखी पुन्हा वाजू लागतात. पुढच्या आठवड्यात साखर आणि गूळ.