जायफळाची उधारी

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. पावसाची सर नुकतीच ओसरली होती. आमच्या गावचे निवृत्त मास्तर व त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा गाव मास्तरीणबाई म्हणतो, असे दोघे छत्री मिटवीत आमच्या ओसरीवर आले. बाईंच्या हातात एक कोरे पाकीट होते. मास्तर काही बोलण्याच्या आतच बाई म्हणाल्या, "फादर, आम्ही परदेशात उधारी करून आलो आहोत, आणि देणेकरी म्हणून झोप लागत नाही."

मास्तर हसले, परंतु बाई हसल्या नाहीत. हकिकत अशी की, त्यांची कन्या व जावई पुष्कळ वर्षे अमेरिकेत आहेत. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी आईवडिलांना सात दिवसांच्या जहाजसफरीस नेले. पोर्टो रिको बेटावरील सान हुआन बंदरातून निघून, कॅरिबियन समुद्रातील चार-पाच बेटांना भेट देत जहाज पुन्हा तेथेच परतावयाचे होते. अशा जहाजावर रोकड पैशाचा व्यवहार जवळजवळ नसतोच. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड मिळते, तेच दाखवून चहा घ्यावा, वस्तू घ्याव्यात. सारा खर्च अमेरिकन डॉलरांत खात्यावर चढतो व सफरीच्या अखेरीस क्रेडिट कार्डातून वळता होतो. मास्तर म्हणाले, "सहा दिवस आम्ही नोट म्हणून पाहिली नाही. पैसा नावाची वस्तू जगात असते, ह्याचाच विसर पडला."

ग्रेनाडा बेटाच्या सेंट जॉर्जेस ह्या राजधानीत मात्र आठवण झाली. हे बेट मसाल्यांचे बेट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या राष्ट्रध्वजावरदेखील जायफळाचे चित्र आहे. बंदरापासून जवळच असलेल्या बाजारात जायफळ, जायपत्री, दालचिनी, लवंगा अशा मालाची दुकाने पाहून बाईंना माहेरी आल्यासारखे वाटले. एका वृद्ध विक्रेतीपाशी त्यांनी जायफळ व जायपत्रीच्या पुड्या निवडल्या. किंमत झाली वीस डॉलर. मास्तरांनी ऐटीत कार्ड पुढे केले. त्या बाईपाशी कार्ड वाचणारे यंत्र नव्हते. जावई मुलांना घेऊन समुद्रकिनारी गेलेले. ह्या दोघांपाशी छदामही नाही. आणि जहाजावर परतण्याची वेळ झालेली. मास्तरीणबाईंनी पुड्या परत ठेवल्या. त्या वृद्धेने त्या उचलून पुन्हा त्यांच्या पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "पुढच्या खेपेस द्या."

"पुढची खेप कसली, फादर!" बाई म्हणाल्या. "ह्या वयात आम्ही पुन्हा तेथे कशाला जातो? आणि तिने तर आमचे नावही विचारले नाही."

आमच्या गावचा एक तरुण अशाच एका जहाजावर सहा वर्षांपासून नोकरीस आहे. आमच्या सीमाभागातून व गोव्यातून कितीतरी मुलगे असे समुद्रावर जातात, हे वाचकांस ठाऊकच आहे. तो त्या वेळी रजेवर घरी आला होता व त्याच महिन्यात पुन्हा निघणार होता. त्याचे जहाज त्या बंदरास लागते. आम्ही त्यास बोलावून घेतले. पाकीट त्याच्या हाती द्यावयाचे, एवढेच काम होते. परंतु पाकिटात किती घालावयाचे ह्यावरून पतिपत्नींत वाद निघाला, आणि त्या संध्याकाळी आम्हां चौघांची एक छोटी शाळाच भरली. त्या शाळेत जे शिकलो ते येथे मांडतो. कारण आजकाल पुष्कळ घरांतील मुले आईवडिलांना दूरदेशी फिरावयास नेऊ लागली आहेत.

डॉलर, पण कोणता?

वीस डॉलर म्हणजे किती? मास्तरांचे म्हणणे, तेथील वीस डॉलर म्हणजे अमेरिकेचे जेमतेम साडेसात. बाईंचे म्हणणे, ती अमेरिकेचे वीस म्हणाली असेल तर? दोघांचेही म्हणणे निराधार नव्हते, कारण त्या समुद्रात 'डॉलर' हे एकच नाव अनेक नाण्यांना आहे.

ग्रेनाडा, सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, अँटिग्वा व सेंट किट्स ही सहा स्वतंत्र राष्ट्रे आणि अँग्विला व माँटसेराट ही ब्रिटिश अमलाखालील दोन बेटे मिळून एकच चलन वापरतात. त्यास पूर्व कॅरिबियन डॉलर म्हणतात. सन १९७६ पासून त्याची हुंडणावळ एका अमेरिकन डॉलरास २.७० अशी बांधलेली आहे. बार्बेडोसचा डॉलर वेगळा. तो १९७५ पासून एका अमेरिकन डॉलरास दोन असा आहे. बहामाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरास समान. केमन बेटांचा तर अमेरिकेच्या डॉलराहून भारी. त्याच्या एकास अमेरिकेचा एक डॉलर वीस सेंट मोजावे लागतात. जमैका व त्रिनिदाद ह्यांचे डॉलर आणखी निराळे. मार्टिनिक व ग्वाडेलूप ही बेटे फ्रान्सची असल्याने तेथे युरो चालतो.

ह्याचा परिणाम काय होतो, तो पाहा. सेंट लुसियात टॅक्सीवाल्याने पन्नास डॉलर सांगितले. ते तेथील असतील तर अमेरिकेचे साधारण साडेअठरा झाले. बार्बेडोसमध्ये तेच पन्नास म्हणजे अमेरिकेचे पंचवीस. आणि प्रवाशांची सवय पाहून त्याने अमेरिकेचेच पन्नास म्हटले असतील, तर ते पुरे पन्नास. आमचा जहाजी तरुण म्हणाला, "फादर, गाडीत पाय ठेवण्याआधी एवढेच विचारावे : हे डॉलर तुमचे की अमेरिकेचे? ह्यात कोणाला राग येत नाही. उतरल्यावर विचारले तर मात्र भांडण होते."

अमेरिकेच्या नोटा बहुतेक बेटांवर घेतात. पण मोड परत मिळते ती तेथील चलनात, आणि दुकानदाराने धरलेला दर सरकारी दराहून थोडा कमीच असतो. मोठ्या नोटेस सुटे मिळत नाहीत. फाटकी वा मळकी नोट घेत नाहीत. अमेरिकेची नाणी तर सहसा कोणी स्वीकारीत नाही. म्हणून एक, पाच व दहाच्या स्वच्छ नोटा जवळ असाव्यात.

कार्ड कोठे उपयोगी पडते

ह्याचा अर्थ कार्ड निरुपयोगी आहे असा नव्हे. मोठी हॉटेले, मोठी दुकाने, विमान कंपन्या ह्यांच्याकडे कार्डच सोयीचे. मोटार भाड्याने घ्यावयाची तर क्रेडिट कार्डावाचून बहुधा भागत नाही. तेथे काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवतात व गाडी परत केल्यावर मोकळी करतात. तेवढी मर्यादा कार्डात शिल्लक हवी. शिवाय कार्ड हरवले तर दूरध्वनीने बंद करता येते. पडलेली नोट बंद करता येत नाही.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आपल्या बँकांची नवी कार्डे परदेशी व्यवहारासाठी आरंभी बंदच असतात. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम सन २०२० पासून लागू आहे. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन ती सोय चालू करून घ्यावी.

दुसरी, पैसे देताना यंत्र कधीकधी प्रेमाने विचारते : तेथील चलनात द्यावयाचे की रुपयांत? रुपयांचा आकडा पाहून आपणांस बरे वाटते आणि आपण तेथेच बोट ठेवतो. परंतु तो दर त्या यंत्रामागच्या मध्यस्थाने स्वतःचा नफा धरून लावलेला असतो. तेथे नेहमी स्थानिक चलनच निवडावे.

तिसरी, आपली बँकही परदेशी खर्चावर आकार लावते. पुष्कळ कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्या आकारावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. म्हणजे लाखभर रुपये खर्च केले, तर तीन हजार पाचशे रुपये आकार व सहाशे तीस रुपये कर. हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, परत आल्यावर कपाळास हात लावू नये.

मास्तरांनी मध्येच विचारले, "आपल्याकडे भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, तेच तेथे का चालू नये?" त्रिनिदादने भारताची यूपीआय पद्धत स्वीकारण्याचे ठरविले आहे, कॅरिबियन बेटांत हे पाऊल टाकणारे ते पहिलेच राष्ट्र. पण तेवढ्यावरून बेटाबेटावर आपला मोबाइल चालेल असे धरून कोणी निघू नये.

रोकड कोठे लागते

बाजारातील मसालेवाली, किनाऱ्यावर शहाळे फोडून देणारा, रस्त्याच्या कडेस मासे भाजणारी, गावोगाव धावणाऱ्या लहान बसगाड्या : ह्या सर्वांचा व्यवहार बहुतांशी रोकडीवर चालतो. बार्बेडोसमध्ये सन २०१९ पासून बसचे भाडे साडेतीन बार्बेडोस डॉलर आहे. आणि सरकारी निळ्या बसमध्ये ते तेथील चलनात, नेमके मोजून द्यावे लागते, कारण वाहनचालक मोड देत नाही. लहान विक्रेत्याने यंत्र ठेवावे तर त्याचे भाडे व प्रत्येक विक्रीमागचा कट त्याच्या तुटपुंज्या नफ्यातून जातो. आपण खिशात केवळ कार्ड घालून हिंडलो तर आपला पैसा मोठ्या दारांतूनच आत जातो. रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या हाती पडत नाही.

आणखी एक कारण निसर्गाचे आहे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तो समुद्र चक्रीवादळांचा असतो. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडातील जायफळाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. आणि नवे रोप फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावर आदळले, तेव्हा वीज व दूरध्वनी दोन्ही तुटले. सप्टेंबर २०१७ मध्ये डॉमिनिका बेटाची मारिया वादळाने हीच गत केली. वीज नाही तेथे यंत्र मुके होते. अशा वेळी पाव, पाणी व गाडीभाडे ज्याच्यापाशी नोटा आहेत त्यासच मिळते.

म्हणून रोकड व कार्ड दोन्ही न्यावीत. एका फेरीस माणशी तीन हजार अमेरिकन डॉलरपर्यंत नोटा नेण्यास आपल्या नियमांची सर्वसाधारणपणे मुभा आहे. इतक्या लागत नाहीत, आणि सगळ्या एकाच खिशात ठेवूही नयेत. तेथे पोहोचल्यावर डेबिट कार्डाने बँकेच्या एटीएममधून स्थानिक नोटा काढाव्यात. दर खेपेस आकार पडतो; तेव्हा थोडे थोडे दहादा काढण्यापेक्षा बेताची रक्कम एकदाच काढावी. क्रेडिट कार्डाने मात्र रोकड काढू नये. त्यावर वेगळे शुल्क असते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

घरी परतल्यावरचा हिशेब

ह्या ठिकाणी मास्तरांनी आपणहून एक कबुली दिली. जहाजावर जावयाचे कार्ड चालत होते. अखेरचे बिल आले तेव्हा जावई काही बोलला नाही. पण मुलीचा चेहरा उतरलेला मास्तरांनी पाहिला. "नोटा मोजून दिल्या असत्या, तर तिसऱ्या दिवशीच हात आखडता घेतला असता," ते म्हणाले.

कार्डाची खरी किंमत बिल येते त्या दिवशी कळते. 'किमान रक्कम भरा' असा जो आकडा बिलात असतो, तो पुष्कळांस दिलासा वाटतो. परंतु बाकीच्या रकमेवर आपल्याकडील बँका सामान्यतः दरमहा तीन ते पावणेचार टक्के व्याज लावतात. पन्नास हजारांची बाकी राहिली, तर साडेतीन टक्क्यांनी महिन्यास एक हजार सातशे पन्नास रुपये केवळ व्याजाचे. गावातला सावकार असे व्याज मागू लागला तर आपण त्यास उंबऱ्यावर उभे करणार नाही. सहलीस निघण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून खर्चाची मर्यादा ठरवावी, रोज रात्री वहीत आकडा लिहावा, आणि बिल मुदतीत पुरे फेडता येईल एवढेच कार्डावर टाकावे.

पाकिटाचे पुढे काय झाले

त्या संध्याकाळी वादाचा निकाल बाईंनीच लावला. "कमी पाठविले आणि तिचे खरोखरच अमेरिकेचे वीस असले, तर ते पाप कोणाच्या माथी?" असे म्हणून त्यांनी पाकिटात अमेरिकेची वीस डॉलरची नोट घातली. तरुणास म्हणाल्या, "बाळा, साडी नेसलेली म्हातारी एवढेच सांग. तिला आठवेल."

ह्या मार्चमध्ये तो तरुण परतला आणि थेट मास्तरांच्या घरी गेला. विक्रेती त्यास त्याच जागी भेटली, आणि साडी म्हणताच तिला आठवले. पाकीट उघडून ती पुष्कळ वेळ हसली. मग म्हणाली, "आमचे वीस, त्यांचे नव्हेत." तिने वीसच्या नोटेचे आपल्या दराने चोपन्न केले, त्यातले वीस ठेवले आणि चौतीस मोजून त्याच्या हातावर ठेवले : एक वीसची नोट, एक दहाची, आणि एकेक डॉलरची चार नाणी.

तो पैसा आपल्याकडे कोठे मोडावयाचा? आमच्याकडच्या बँकेत त्या चलनाची देवघेव होत नाही. मास्तरांना तो आठवण म्हणून काचेखाली ठेवावयाचा होता. मास्तरीणबाईंनी ऐकले नाही. तो तरुण पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर निघाला, तेव्हा त्याच पाकिटात ते चौतीस डॉलर घालून त्यांनी त्याच्या स्वाधीन केले. नाताळच्या फराळासाठी जायफळ आणावयाचे आहे, आणि ते त्याच बाईकडून.