‘तारापोर’ : ग्रामनामापासून आडनावापर्यंत

प्रस्तावना

इंग्लंडच्या ईशान्य भागात, पूर्वीच्या डरहॅम परगण्यात मोडणारे वॉशिंग्टन नावाचे एक गाव आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वतन मिळालेल्या एका सरदार घराण्याने आपले पूर्वीचे नाव टाकून या गावाचे नाव धारण केले. पुढे त्या घराण्याची शाखा अमेरिकेत गेली, तिच्यात जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले आणि इ.स. १७९१ मध्ये नव्या राजधानीला त्यांचेच नाव देण्यात आले. गावाचे नाव माणसाला आणि माणसाचे नाव पुन्हा गावाला, असा हा प्रवास आहे. इंग्रजी आडनावांत स्थलवाचक नावांचा वर्ग मोठा असून ‘टन’ या अंत्यपदाने संपणारी बहुतेक नावे त्यात मोडतात. या पद म्हणजे आपल्याकडील ‘पूर’ किंवा ‘गाव’ यांचेच भावंड होय.

असाच प्रवास केलेले एक आडनाव पालघर जिल्ह्यात उगम पावले आहे. इंग्रजी लिपीतून रूढ झालेले ‘तारापोर’ हे ते आडनाव होय. त्याची घडण, अर्थ आणि प्रसार यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक गाव, तीन आडनावे

तारापूर हे पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे जुने बंदर. नावाचा अर्थ सरळ आहे. ‘तारा’ हे विशेषनाम आणि ‘पुर’ हे नगरवाचक संस्कृत पद यांचा हा समास आहे. या एका ग्रामनामापासून तीन निराळी आडनावे सिद्ध झाली : तारापूरकर, तारापोरवाला आणि तारापोर. तिन्हींचा अर्थ एकच, ‘मूळचा तारापूरचा’. भेद आहे तो भाषेचा. मराठी माणूस गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो. डहाणूकर, केळवेकर, वसईकर ही शेजारचीच उदाहरणे आहेत. गुजरातीभाषक पारशी समाजाने ‘वाला’ जोडला. पारशी आडनावांत याखेरीज आणखी प्रत्यय आढळतात. भरूचचा तो भरूचा, संजाणचा तो संजाना, सुरतेचा तो सुरती, अंकलेश्वरचा तो अंकलेसरिया. तारापोरमध्ये मात्र कोणताही प्रत्यय नाही. गावाचे नाव जसेच्या तसे माणसाला लागले.

‘जसेच्या तसे’ हे म्हणणेही पूर्णतः खरे नाही, कारण गाव ‘पूर’ आहे आणि आडनाव ‘पोर’. हा ओकार दोन वाटांनी आलेला दिसतो. दक्षिण गुजरातेत ‘पुर’चे ‘पोर’ होणे नवे नाही. नवसारीजवळचे जलालपोर हे त्याचे परिचित उदाहरण होय, आणि पारशी समाजाची बोली याच प्रदेशातली आहे. दुसरी वाट इंग्रजी लेखनाची आहे. कंपनी सरकारच्या काळात कानपूर, जबलपूर अशा नावांतील ‘पूर’ ज्या वर्णांनी लिहिले जाई, ते वर्ण इंग्रजी वाचनाच्या सवयीने ‘पोर’ असेच उच्चारले जातात. बोलीतील ओकाराला दप्तरातील लेखनाने असा आधार मिळाला व आडनाव त्या रूपात गोठले. पुढे शासकीय लेखनात ग्रामनामाचे वर्ण सुधारण्यात आले. आडनावांचे सुधारले नाहीत, आणि सुधारावेत असे कोणी म्हटलेही नाही. एका परीने ही आडनावे जुन्या वर्णलेखनाचे जतन करणारी दप्तरेच आहेत.

आडनाव स्थिर होण्याची प्रक्रिया

पारशी समाजात स्थिर आडनावांची पद्धत फार जुनी नाही. स्वतःचे नाव व त्यापुढे पित्याचे नाव एवढ्यावर व्यवहार चाले. दादाभाई नौरोजी यांच्या नावातील ‘नौरोजी’ किंवा जमशेटजी जीजीभाई यांच्या नावातील ‘जीजीभाई’ ही मुळात वडिलांची नावे आहेत. मुंबईतील व्यापार, न्यायालये आणि शाळा यांच्या नोंदवह्यांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे नाव हवे होते. त्या गरजेतून कोणी व्यवसाय लावला, कोणी गाव. इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, रेडीमनी ही तर सरळ इंग्रजी शब्दांचीच आडनावे झाली.

येथे एक मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. गावाचे आडनाव गावात मिळत नाही, गाव सोडल्यावर मिळते. तारापुरात राहणाऱ्याला ‘तारापूरचा’ म्हणण्यात काही ओळख नाही. ती ओळख मुंबईत वा हैदराबादेत उपयोगी पडते. म्हणूनच बोईसरच्या पूर्वेकडील बेटेगावासारख्या शेतीवर जगणाऱ्या गावाचे नाव आडनाव म्हणून तारापूरइतके परिचित झाले नाही. अशा गावांतून पाटील, राऊत अशी अधिकारवाचक आडनावे पुरेशी होती. बंदरातली माणसे बाहेर पडली व गावाचे नाव घेऊन गेली.

१७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून तारापूरचा किल्ला घेतला. त्या हल्ल्यात पडलेले बाजी भिवराव हे रेठरेकर होते. कऱ्हाडजवळच्या रेठऱ्याचे नाव सांगणारा वीर तारापूरच्या तटाखाली पडला, हा स्थलवाचक आडनावांच्या इतिहासातील एक हृद्य योगायोग म्हणावा लागेल.

प्रसार

एकोणिसाव्या शतकात तारापूरच्या विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या बंधूंनी निजामाच्या राज्यात सावकारीची मोठी पेढी चालविली. औरंगाबादच्या टांकसाळीतील ‘पेस्तनशाही’ रुपया त्यांच्यामुळे प्रसिद्ध आहे आणि सिकंदराबाद येथील १८४७ ची अग्यारी आजही या बंधूंच्या नावाने ओळखली जाते. मुंबईत या नावाची ओळख ग्रंथांमुळे अधिक झाली. डी. बी. तारापोरवाला सन्स या प्रकाशनसंस्थेचे पर्सी ब्राउनकृत भारतीय वास्तुकलेचे खंड अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत आढळतात. चर्नी रोडजवळच्या समुद्रकिनारी १९५१ मध्ये उभे राहिलेले मत्स्यालयही तारापोरवाला नावाचेच. अवेस्ता व भाषाशास्त्र यांचे अभ्यासक इरच जहांगीर सोराबजी तारापोरवाला (१८८४-१९५६) यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविले. केकी तारापोर यांनी १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत एकमेव कसोटी सामना खेळला. पुढे राहुल द्रविडचे प्रशिक्षक म्हणून ते अधिक स्मरणात राहिले. अर्थतज्ज्ञ एस. एस. तारापोर रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर होते. भांडवली खात्यावरील रुपयाच्या परिवर्तनीयतेसंबंधीच्या १९९७ व २००६ च्या समित्या ‘तारापोर समिती’ म्हणूनच वाणिज्याच्या अभ्यासक्रमात शिकविल्या जातात. पटकथाकार सुनी तारापोरवाला यांचा ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) सर्वपरिचित आहे.

ग्रंथालयीन दृष्टीने एक अडचण नोंदविणे आवश्यक आहे. तारापोरवाला हे नाव रोमन लिपीत कधी ‘व्ही’ने, कधी ‘डब्ल्यू’ने, कधी अंती एका तर कधी दोन ‘एल’ने लिहिले जाते. त्यामुळे तालिकेत एकाच नावाच्या नोंदी विखुरतात. संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ही सर्व रूपे सांगितल्याशिवाय त्याचा शोध पुरा होत नाही.

लोकप्रियतेचा विचार करता हे आडनाव प्रसिद्ध आहे, परंतु विपुल नाही. आणि ते विपुल होण्याची शक्यताही दिसत नाही. भारतातील पारशी लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ होती, ती २०११ मध्ये ५७,२६४ झाली. समाजाबरोबर त्याची आडनावेही आटतात. तारापोर हे नाव धारण करणारी घरे तारापुरापासून केव्हाच दूर गेली. गावाचे नावही गावापुरते राहिलेले नाही. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेले अणुविद्युत केंद्र तारापूरच्या नावाने ओळखले जाते, पण त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी जी गावे उठली ती अक्करपट्टी आणि पोफरण होत. तारापूर औद्योगिक वसाहतीत जायचे तर रेल्वेतून उतरावे लागते ते बोईसरला.

परमवीरचक्राचे मानकरी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर (१९२३-१९६५) यांचा उल्लेख शेवटी राखून ठेवला आहे. शिवकालात पूर्वज रतनजीबा यांना शंभर गावे इनाम मिळाली व त्यांतील मुख्य गावावरून तारापोर हे नाव आले, अशी त्यांच्या घराण्याची परंपरा सांगितली जाते. पालघरचे तारापूर १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होते, हे लक्षात घेता ही परंपरा या गावाशी जशीच्या तशी जुळत नाही. शिवाय तारापूर नावाचे गाव गुजरातेत आणंद जिल्ह्यातही आहे. आडनावांचा अभ्यास करताना घराण्याची आठवण आणि प्रदेशाचा इतिहास वेगवेगळे तपासावे लागतात, ते यासाठीच. अर्देशीर तारापोर प्रथम हैदराबाद संस्थानच्या सैन्यात होते, नंतर पूना हॉर्समध्ये आले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर रणगाड्यांच्या लढाईत धारातीर्थी पडले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांपैकी एक बेट तारापोर यांच्या नावाचे आहे.