परक्याच्या मापाने (लेखांक सहावा)

गतसप्ताही मोबाइल आणि निद्रा यांचा विचार झाला. आज मोबाइल आणि आत्मसन्मान या अधिक नाजूक प्रश्नाकडे वळू, आणि त्यासाठी गुजरातेतल्या सुरतेत थांबू. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीखोऱ्याच्या रेल्वेने पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत कैक वर्षे नांदत आहेत, आणि घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी अशी त्यांची मुले वाढत आहेत. या मुलांचा बाप स्वतःस ताडून पाही तो शेजारच्या खोलीशी, गल्लीतल्या मुकादमाशी, फार तर गावी राहिलेल्या चुलतभावाशी. आणि कोरडवाहू शेतापेक्षा सुरतेचा पगार खात्रीचा असल्याने त्याचे पारडे पुष्कळदा जडच ठरे. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला सिद्धान्त हाच, की वस्तुनिष्ठ माप हाती नसले म्हणजे मनुष्य इतरांवरून, आणि तेही बहुधा आपल्या बरोबरीच्यांवरून, स्वतःची पारख करतो.

मोबाइलने ही बरोबरीच मोडली. यंत्रमागावरची बारा तासांची पाळी संपवून आलेला तरुण मित्राची मोटारसायकल मागून डुमसच्या किनाऱ्यावर रील काढतो, चेहरा उजळ करणारे फिल्टर लावून ते इन्स्टाग्रामवर टाकतो, आणि मग घटकेघटकेस लाइकांचा आकडा पाहत जागतो. परंतु ज्यांच्याशी तुलना चालते ते असतात सुरतेतल्याच वेसू भागाच्या उंच इमारतींतले, नाहीतर थेट दुबईतले, आणि त्यांच्याही दिनक्रमातला निवडून, घासूनपुसून मांडलेला तेवढाच क्षण पडद्यावर येतो. आकडा चढला नाही तर सकाळी ते रील गुपचूप काढून टाकले जाते, आणि आपल्यातच काही राम नाही असा निवाडा मनाच्या दफ्तरी दाखल होतो. याच सुरतेच्या गुजराती कवी नर्मदांनी १८६६ साली आपली हकीकत लिहून मोजक्याच प्रती छापून घेतल्या, आणि ती लोकांपुढे आली १९३३ साली, त्यांच्या पश्चात! स्वतःविषयी सांगण्याची हौस तेव्हाही होतीच. निकालाची घाई तेवढी नव्हती.

यात मोबाइलचा दोष किती, याविषयी मात्र लिहिणाऱ्यांचा उत्साह अनेकदा बेताल होतो. २०२१ साली उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांत, स्वतःच्या शरीराविषयी खिन्न असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्रामने ती खिन्नता वाढते असे सांगितल्याची नोंद आहे; उलटपक्षी संशोधक एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांच्या २०१९ च्या विश्लेषणात किशोरांच्या स्वास्थ्यातील तफावतीपैकी फार तर ०.४ टक्के तफावतीचा उलगडा डिजिटल साधनांच्या वापराने होतो. माझ्या मते या दोहोंत विरोध नाही, कारण सरासरीच्या हिशेबात आधीच खचलेले मूल दिसत नाही. शिवाय जमेची बाजूही आहे: यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना अफाट श्रोते लाभल्यापासून, चारचौघांत जी बोली बोलण्यास मुले लाजत, तिच्यावर आता त्यांची रीले निघतात.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याची मनाई केली आहे. परंतु जेथे एकच मोबाइल घरभर फिरतो, तेथे असा हुकूम कागदावरच राहील. तेव्हा पालकांनी मोबाइल हिसकावण्यापूर्वी काल रील का काढून टाकले, एवढे तरी मुलास विचारावे. आणि उत्तर ऐकून काळजी वाटली तर सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.