हातात किती येणार?

मुलाखतीत "पगाराची अपेक्षा किती?" असं विचारलं की आपली मुलं गप्प बसतात, नाहीतर शेजारच्या मुलाचा आकडा सांगतात. आधी हिशेब करावा. वार्षिक ३ लाखांचं पॅकेज म्हणजे दरमहा २५,००० हातात, असं नव्हे. मूळ पगार १२,५०० असेल, तर मालकाचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ६०० बहुधा पॅकेजमध्येच धरलेली असते. शिवाय आपला पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. उरतात साधारण २१,२००. मुंबई-पुण्यात खोलीभाडं, जेवण, प्रवास जाऊन त्यातून अम्मीला काय पाठवता येईल? तेच काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, मगच आकडा सांगा. आणि होकार देण्याआधी "हातात किती येणार?" हे विचारण्यात बेअदबी नाही.