दहा हजार एक

पश्चिम लंडनमधल्या ईलिंगच्या रग्बी मैदानावर प्रथम गेलो, तेव्हा मला आपल्याकडची तालुक्याची कबड्डी आठवली. कठड्याला टेकून माणसं नावानिशी खेळाडूंना हाका मारत होती. १८७१ साली स्थापन झालेल्या या क्लबने २०२२मध्ये इंग्लंडची दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली. पण वरचं दार बंदच! मैदानात किमान १०,००१ प्रेक्षकांची सोय हवी, असा तेव्हा नियम होता. नकार हंगाम चालू असतानाच आला होता. तरी पोरं चिखलात झुंजली, पहिली आली. २०२४मध्ये पुन्हा तेच. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘‘मग खेळायचं कशासाठी?’’ तो बोलला नाही. समोर सोळा देह स्क्रममध्ये भिडले होते. खुर्च्या मोजणाऱ्यांना हे दिसत असेल का?