निशाणं बदलली, रानाचा कायदा राहिला

नागझिऱ्याच्या रानावर दोन-अडीचशे वर्षांत किती राजवटी आल्या! देवगडच्या गोंड राजांमागून अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आले. 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब हरले. 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, तेव्हा डलहौसीने राज्य खालसा केलं आणि भंडाऱ्यासह सारा मुलूख कंपनीकडे गेला. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, 1903 मध्ये त्याला वऱ्हाड जोडलं. नावं बदलली, युनियन जॅक तोच राहिला. स्पेननेही 1959 मध्ये आफ्रिकेतल्या आपल्या गिनी वसाहतीचे फर्नांदो पो आणि रिओ मुनी असे दोन प्रांत केले. पण तिथे स्वतंत्र देशाचा झेंडा लागायला 12 ऑक्टोबर 1968 उजाडावा लागला.

आपल्या झेंड्यासाठी नागपूर 1923 मध्ये लढलं. 1 मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघत आणि पकडले जात. बजाजांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी हा लढा पुढे नेला.

रानातल्या माणसाला मात्र सत्ता भेटली ती जंगल खात्याच्या रूपात. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि सरपण, चराई, मोहफुलं हा पिढीजात हक्क सरकारच्या मर्जीवर गेला. 1930 मध्ये बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव रानातलं गवत कापलं, ते अशाच जंगल कायद्यांविरुद्ध.

स्वातंत्र्यानंतर भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. या सगळ्या काळात 1927 चा इंग्रजी अमलातला वन कायदा कायम होता. तो आजही आहे.

वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने मान्य केलं ते 2006 च्या वनहक्क कायद्यात. तिरंगा लागल्यावर एकोणसाठ वर्षांनी! वाघ वाचलाच पाहिजे, आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या गोंड, गोवारी कुटुंबांना विचारल्याशिवाय रानाचा एकही निर्णय होता कामा नये. ग्रामसभेचा शब्द कचेरीत चालू लागेल, तेव्हाच इथला वसाहतीचा कारभार संपला असं म्हणता येईल.