प्रत्यय म्हणजे नुसतं शेपूट नव्हे

गैरसमज : प्रत्ययाला स्वतःचा अर्थ कधीच नसतो.

वस्तुस्थिती : स्पॅनिशमध्ये 'क्लारो' म्हणजे स्पष्ट आणि 'क्लारामेन्ते' म्हणजे स्पष्टपणे. यातला 'मेन्ते' लॅटिनमध्ये चांगला स्वतंत्र शब्द होता. 'मेन्स' म्हणजे मन, आणि 'क्लारा मेन्ते' म्हणजे स्वच्छ मनानं. आपली 'मती' याच कुळातली. लॅटिनमध्ये हे मन स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं विशेषणही स्त्रीलिंगी; आजही 'क्लारो'चं 'क्लारा' केल्याशिवाय 'मेन्ते' लागत नाही. दोन क्रियाविशेषणं जोडून आली की पहिल्याचा 'मेन्ते' गळतो : 'क्लारा इ रापिदामेन्ते'. शब्द एकेकाळी सुटा होता याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. आता आगगाडीसुद्धा 'रापिदामेन्ते' धावते. मनाचा संबंध केव्हाच सुटला. इंग्रजी 'फ्रेंडली'तला 'ली'ही असाच, शरीर या अर्थाच्या जुन्या शब्दातून आलेला. त्याचा जर्मन भाऊबंद 'लाइशे' म्हणजे प्रेत.

गैरसमज : हॅम्बर्गर म्हणजे 'हॅम' घातलेला बर्गर.

वस्तुस्थिती : डुकराच्या मांसाचा इथे काही संबंध नाही. हांबुर्ग शहर आणि 'तिथला' सांगणारा 'एर' प्रत्यय, एवढंच. लोकांनी शब्द चुकीच्या जागी तोडला आणि त्यातून 'चीजबर्गर', 'व्हेजबर्गर' जन्मले. म्हणजे चुकीच्या फोडीतूनही नवे शब्द घडवणारा तुकडा तयार होतो.

गैरसमज : जर्मन भाषा मुलीला माणसात धरत नाही, म्हणून 'मेडशेन' (मुलगी) नपुंसकलिंगी.

वस्तुस्थिती : मार्क ट्वेननं १८८० साली याची यथेच्छ थट्टा केली, पण कारण व्याकरणाचं आहे. लहानपण दाखवणारा 'शेन' लागला की कुठलाही शब्द नपुंसकलिंगी होतो. टेबल पुल्लिंगी, छोटं टेबल नपुंसकलिंगी. मुलगा पुल्लिंगी, 'ब्यूबशेन' नपुंसकलिंगी. मराठीत 'लेक' ती किंवा तो, पण 'लेकरू' ते, यात आपल्याला कुणाचा अपमान दिसत नाही.

गैरसमज : 'टीचर' आणि 'डॉक्टर' यांच्या शेवटी एकच प्रत्यय आहे.

वस्तुस्थिती : उच्चार सारखे, घराणी वेगळी. 'टीचर'मधला 'एर' बहुतेक अभ्यासकांच्या मते लॅटिन 'आरिउस'वरून जर्मानिक भाषांनी उसना घेतला. 'डॉक्टर'मधला 'तोर' मात्र थेट लॅटिनचा, आणि मूळ अर्थ शिकवणारा. दातृ, कर्तृ, वक्तृ यांतला संस्कृत 'तृ' त्याचा सख्खा भाऊ : लॅटिन 'दातोर' म्हणजे आपला दाता.